दोन दशांश स्थळांपर्यंत

प्रस्तुत लेखकाला गाता येत नाही, पोहता येत नाही आणि स्कूटर मागे घेताना त्याचे पाय अजून जमिनीला नीट टेकत नाहीत; पण टक्क्यांचा रकाना एका ओळीत आणण्याच्या कामात आपला हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. इतरांच्या मनात आहे का, हे त्याने कधी विचारलेलं नाही.

एका ओळीत ८५.४, खाली नुसतेच ९० आणि त्याखाली ७८.३३३३३३ अशी तिनांची मिरवणूक दिसली, की तो अस्वस्थ होतो. बँकेच्या रांगेत उभा राहून ठेवींच्या दरांचा फलक तो वाचतो, तो व्याजासाठी नव्हे (त्यासाठी आधी ठेव लागते), तर ७ च्या पुढे .०० लावलंय की नाही हे बघायला. रिझर्व्ह बँकेबद्दल त्याला नितांत आदर आहे. फेब्रुवारी २०२३ पासून दोन वर्षं रेपो दर ६.५० टक्के होता; ६.५ नव्हे, ६.५०. पुढे तो ६.२५ झाला तेव्हा लोक आपापल्या गृहकर्जाचे हप्ते मोजत होते आणि लेखक त्या शेवटच्या शून्याची जागा आधीपासून धरून ठेवणाऱ्या अज्ञात अधिकाऱ्याला मनोमन दाद देत होता. बायकोने ‘हप्ता कितीने कमी झाला?’ असं विचारलं तेव्हा हिशेब केलेला नाही हे त्याच्या लक्षात आलं.

वेबसाइटी करून देणं हा त्याचा धंदा. त्यामुळे या हौसेला वाव भरपूर. जावास्क्रिप्टमध्ये ‘टूफिक्स्ड’ नावाची सोय आहे. संख्या द्यायची, कंसात २ लिहायचे, ८५.४ चे ८५.४० होतात, ९० चे ९०.०० होतात आणि तिनांची मिरवणूक दुसऱ्या तिनापाशी विसर्जित होते. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत रचली. हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, कारण काहीही बिघडलं की त्या दहा दिवसांकडे बोट दाखवता येतं. दशांशांच्या बाबतीत मात्र तो आरोप टिकत नाही. यंत्र सगळं दोनच्या घातांत मोजतं. दशांश, शतांश असले आपले लाडके अपूर्णांक त्या मोजणीत नेमके बसतच नाहीत. जवळपास कुठे तरी जागा मिळेल तिथे ते बसवून घेतले जातात. कसे बसवायचे याचं मानक १९८५ साली ठरलं. त्यामागचे मुख्य गणिती विल्यम कहान यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हा चौकशी करायचीच असेल तर तिकडे करावी.

०.२९ ला १०० ने गुणा. चौथीतलं पोर २९ सांगेल. ब्राउझर सांगतो २८, पुढे नवांची रांग आणि शेवटी एक सहा. त्यातून कुणी ‘फक्त पूर्णांक ठेव’ म्हणालं, की एकोणतीस टक्क्यांचे अठ्ठावीस होतात. १.००५ ला दोन स्थळांपर्यंत आणायला सांगा. शाळेत शिकवलेला नियम असा, की पुढचा आकडा पाच असला तर वर चढवावं, म्हणजे १.०१. टूफिक्स्ड १.०० देतो. लेखकाने पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा संगणकाची एक चूक सापडल्याच्या आनंदात त्याने चहा सांगितला. चहा येईपर्यंत उलगडा झाला: यंत्राच्या पोटात १.००५ नसतोच. तिथे १.००४, त्यापुढे बारा नऊ आणि मग आठ अशी संख्या असते, आणि ती खरोखरच १.००५ हून लहान आहे. यंत्र बरोबर आहे. राग त्याचाच येतो.

शिवाय टूफिक्स्ड जे परत देतो ती संख्या नसते, स्ट्रिंग असते. आकड्यांच्या वेशातली अक्षरं. ३३.३३ आणि ३३.३३ यांची बेरीज करायला जावं तर दोन्ही एकमेकांना चिकटून ३३.३३३३.३३ असं काही तरी तयार होतं, ज्यात दशांश चिन्हं दोन आहेत आणि अर्थ एकही नाही. पीएचपी या दुसऱ्या भाषेतलं नंबर-फॉरमॅट तर मध्ये स्वल्पविरामही घालून देतं. १,२३४.५७ छान दिसतं. तेच परत संख्या म्हणून वाचायला दिलं की पीएचपी स्वल्पविरामापाशी थांबतं आणि उत्तर देतं: १. हजाराचा एक व्हायला पूर्वी जुगार खेळावा लागे.

लेखकाची आवडती चीज मात्र वेगळीच आहे. समजा, एखाद्या शाळेचा निकाल गेल्या वर्षीपेक्षा ०.००१ टक्क्याने खाली आला. हा फरक दोन स्थळांपर्यंत मांडला की पानावर येतं: -०.००. उणे शून्य! म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा काहीही बदललेलं नाही, पण जे बदललेलं नाही ते वाईटाकडे बदललेलं नाही. सरकारी अहवाल लिहिणाऱ्यांना आयुष्यभर जमलं नाही ते या भाषेने एका चिन्हात करून दाखवलं. आणि मतदानाचं पान उघडून कुणीच मत दिलेलं नसेल तर शून्याला शून्याने भागलं जातं आणि टक्क्याच्या जागी ‘एनएएन’ उमटतं. ‘ही संख्या नव्हे’ असा त्याचा अर्थ. दोन दशांश स्थळांपर्यंतही नव्हे.

मराठीचा प्रश्न इथे येतोच. ब्राउझरमध्ये ‘इंटल’ नावाचं एक खातं आहे, ते जगातल्या भाषांप्रमाणे आकडे सजवून देतं. त्याला ‘एमआर-आयएन’ अशी खूण सांगितली, की लाखाचे स्वल्पविराम आपल्या जागी पडतात आणि आकडे देवनागरीत येतात. हिंदीची खूण दिली तर न मागता इंग्रजी आकडेच येतात. मराठीला मात्र देवनागरी. हे प्रथम कळलं तेव्हा लेखकाची छाती भरून आली. लगेच दुसरी गोष्ट कळली. हाच देवनागरी ४५.६७ जावास्क्रिप्टच्या ‘पार्सफ्लोट’ला वाचायला दिला, की ते म्हणतं, एनएएन. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. पार्सफ्लोटपर्यंत ते परिपत्रक पोचलेलं नाही.

आता मूळ मुद्दा. लेखक ज्या मंडळाची वेबसाइट फुकटात सांभाळतो (फुकट सांभाळणारा म्हणून त्याला तिथे मान आहे आणि खुर्ची नाही), त्या मंडळाने एकदा सहलीसाठी ऑनलाइन मतं घेतली. महाबळेश्वर, गणपतीपुळे आणि भंडारदरा यांना सारखी मतं पडली. पानावर तिघांपुढे ३३.३३ असे सुरेख आकडे आले. खजिनदारांनी बेरीज केली. ९९.९९.

“उरलेला टक्का कुणी खाल्ला?” त्यांनी विचारलं.

टक्का नव्हे, टक्क्याचा शंभरावा भाग, असं लेखकाने नम्रपणे सांगितलं. पण आपल्याकडे ‘टक्का खाल्ला’ या आरोपात प्रमाणाला महत्त्व नसतं. एकाच्या पुढे ३३.३४ करावं तर त्यालाच का, याचं उत्तर द्यावं लागणार. आणि हा प्रश्न लेखकाच्या फार जिव्हाळ्याचा आहे. समितीची सभा उठेपर्यंत तो यावर बोलला. ज्यांनी तेव्हा ऐकलं नाही त्यांनी आता ऐकावं.

अमेरिकेची पहिली जनगणना १७९० ची. त्यावरून कोणत्या राज्याला प्रतिनिधिगृहात किती जागा, हे ठरवायचं होतं. भागाकार केला की अपूर्णांक आले, आणि माणूस अपूर्णांकात निवडून येत नाही. (आल्यासारखे वाटतात ते निराळे.) प्रत्येक राज्याच्या लोकसंख्येला ३०,००० ने भागून पूर्णांक घेतले तर ११२ जागा भरत होत्या. विधेयकात जागा होत्या १२०. मग अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती अशी, की ज्या आठ राज्यांचे उरलेले अपूर्णांक सर्वांत मोठे, त्यांना एकेक जागा जास्तीची द्यायची. खजिनदारांच्या ०.०१ वर आजही बहुतेक संगणकवाले हेच औषध देतात. परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, भाजक निवडा, भागा आणि दशांश चिन्हापुढचं सगळं झाडून टाका. अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ५ एप्रिल १७९२ रोजी विधेयक नाकारलं. अमेरिकेच्या इतिहासातला अध्यक्षांचा हा पहिला नकाराधिकार. युद्धावरून नाही, करावरून नाही. अपूर्णांक कुठे वळवावा यावरून!

मग ३३,००० ने भागून १०५ जागांचं विधेयक झालं. डेलावेअरच्या वाट्याला आले १.६८; त्यातले .६८ झाडले गेले आणि राहिली एक जागा. व्हर्जिनियाचा प्रमाणशीर वाटा साधारण १८.३ भरत होता. तिला मिळाल्या १९. वॉशिंग्टन आणि जेफरसन दोघेही व्हर्जिनियाचे. योगायोग असावा.

याहून रंगतदार पुढे आहे. हॅमिल्टनची रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर परत आली आणि १८८० च्या जनगणनेनंतर जनगणना कार्यालयाच्या मुख्य कारकुनाने वेगवेगळ्या सभागृहांसाठी जागांचे तक्ते मांडले, तेव्हा दिसलं की सभागृहात २९९ जागा असतील तर अलाबामाला आठ मिळतात आणि ३०० केल्या तर सात. एकूण जागा वाढली आणि अलाबामाची कमी झाली! कुणीही लबाडी केली नव्हती. एकत्र कुटुंबात वाटणीचे वाद पाहिलेल्या वाचकाला यात आश्चर्य वाटणार नाही, पण लेखकाला अजून वाटतं, आणि पाहुणे आले की तो कागद-पेन्सिल घेऊन त्यांनाही ते वाटेल अशी व्यवस्था करतो. पाहुणे हल्ली फोन करून येतात आणि तो घरी नाही हे कळल्यावर येतात.

त्या नकाराधिकाराला बरोबर दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, म्हणजे ५ एप्रिल १९९२ ला, जर्मनीतल्या श्लेस्विग-होलश्टाइन राज्यात निवडणूक झाली. तिथे विधिमंडळात शिरायला पाच टक्के मतं लागतात. रात्री निकालाच्या तक्त्यात ग्रीन पक्षापुढे ५.० आले. पक्षाचे लोक जिंकले असं समजले. मध्यरात्र उलटल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की खरा आकडा ४.९७ आहे, तक्ता छापणारा प्रोग्रॅम एकाच दशांश स्थळापर्यंत छापतो. ग्रीन पक्ष सभागृहाबाहेर गेला आणि ८९ जागांपैकी ४५ मिळून सोशल डेमोक्रॅट पक्षाला एका जागेचं बहुमत मिळालं. दाखवायचा आकडा वेगळा आणि ठरवायचा आकडा वेगळा, हे भान सुटलं की काय होतं त्याचं हे उदाहरण लेखक नव्या मुलांना सांगतो. गोलाई फक्त पानावर. तुलना कच्च्या आकड्याशी. हे सांगताना त्याचा आवाज किंचित जड होतो. मुलं फोनकडे बघत असतात.

गेल्या जूनमध्ये हा नियम त्याच्या घरात आला.

मंडळ दरवर्षी बारावीच्या मुलांचा गुणगौरव करतं. अट: ९० टक्के व त्याहून अधिक. यादी आजवर पूर्णांकात छापली जायची. लेखकाने अर्थातच ती दोन दशांश स्थळांवर आणलेली होती आणि आकडे उजवीकडून एका रेघेत यावेत म्हणून सगळ्या अंकांची रुंदी सारखी करणारा टाइपही लावलेला होता. त्या सुंदर रकान्यात त्याच्या भाचीच्या नावापुढे आकडा होता ८९.८३.

“अहो, पूर्वीसारखं पूर्णांकात करा की,” सचिव म्हणाले. “आपोआप नव्वद होतात. तुमचीच पोर आहे, कुणी काही म्हणणार नाही.”

कुणी काही म्हणणार नाही हेच तर वाईट होतं. घरी आईने वेगळ्या शास्त्राने तोच निकाल दिला. ती ऐंशी ओलांडलेली. पावकी, निमकी, पाऊणकी अजून झोपेतून उठवलं तरी म्हणते. “अरे, एकोणनव्वद रुपये त्र्याऐंशी पैसे झाले तर वाणी नव्वदच घेतो ना? सतरा पैशांसाठी पोरीला अडवतोस?” मग शेजारी जाऊन तिने नव्वद असं सांगितलं, आणि तिथून परत येताना वाटेतल्या दोघींना एक्याण्णव.

भाची म्हणाली, “मामा, ८९.८३ च ठेव. मला एक मार्क कमी पडलाय. कुठे गेला ते मला माहितीये. फिजिक्स.”

सहाशेपैकी ५३९. एक गुण वाढला असता तर ५४०, म्हणजे बरोबर ९०.००. लेखक इतकी वर्षं टक्क्यांचे रकाने सरळ करतोय. त्या संध्याकाळी त्याने ते पहिल्यांदा वाचले. सहाशेपैकी एक गुण म्हणजे टक्क्याचा सहावा भाग. त्यामुळे बारावीच्या यादीत दशांश चिन्हापुढे .००, .१७, .३३, .५०, .६७ आणि .८३ एवढंच येऊ शकतं, कुठे ८९.४५ दिसलं तर ती टाइप करणाऱ्याची कृपा. दहावीत पाचशेपैकी धरतात, तिथे एक गुण म्हणजे ०.२ टक्का, ८५.४० मधला तो शेवटचा शून्य कधीच दुसरा कुठला आकडा होऊ शकत नाही. वर्षानुवर्षं त्याने तो शून्य जपला, ओळीत उभा केला. त्याला सांगण्यासारखं काहीच नव्हतं. सीईटीच्या पर्सेंटाइलला तर सात दशांश स्थळं असतात. ती बरोबरीतल्यांची रांग लावायला लागतात हे खरं. पण सातव्या स्थळावरून मुलांची हुशारी ठरवणारे काका-काकू त्याने डोळ्यांनी पाहिलेत.

पाच गुणांच्या उत्तराला तीन द्यावे की चार, हे ठरवताना परीक्षकाच्या लाल पेनात दशांश चिन्ह नसतं. गठ्ठा मोठा असतो, तारीख जवळ आलेली असते, अक्षर लागत नसतं. तीन पडतात, नाही तर चार. त्यानंतर आम्ही संगणकवाले त्याला सहाशेने भागतो आणि शंभराव्या भागापर्यंत कोरून, उजवीकडून ओळीत लावून, अशा थाटात मांडतो की जणू सोनाराच्या काट्यावर पोरगी तोलून आणली. हा थाट लेखकाच्या हातचा आहे, आणि तो चांगला जमलेला आहे, हे त्याला त्या दिवशी फारसं सुखाचं वाटलं नाही.

भाचीचं नाव यादीत गेलं नाही. तिने ते मागितलंही नव्हतं. लेखकाने आकडा ८९.८३ ठेवला, तुलना कच्च्या आकड्याशी केली, आणि समारंभाच्या दिवशी ती मागच्या रांगेत मैत्रिणींसाठी टाळ्या वाजवत बसली होती तेव्हा माइक नीट करण्याच्या निमित्ताने तो सारखा पुढे-मागे करत राहिला. आईने समारंभाला यायचं नाकारलं. वाण्याला कळतं ते मंडळाला कळत नाही, एवढंच ती म्हणाली.

यंदा गुणगौरवाची यादी छापणाऱ्या सर्व मंडळांना, पतसंस्थांना आणि नगरसेवकांच्या फ्लेक्सवाल्यांना विनंती: टक्के हौसेने कितीही स्थळांपर्यंत छापा, पण शेजारी मिळालेले गुण आणि एकूण गुण छापा. आणि नव्वदची अट ठेवायचीच असेल तर ती ‘सहाशेपैकी पाचशे चाळीस’ अशी लिहा. त्यात दशांश चिन्ह लागत नाही, आणि कुणाला एक गुण कमी पडला तर तो एकच कमी पडल्याचं सगळ्यांना दिसतं.